मिसळायलाही शाळा लागते

बॅड बनी या प्वेर्तो रिकन रॅपरच्या जानेवारी २०२५ मध्ये आलेल्या अल्बममध्ये ‘बाइले इनोल्व्हिदाब्ले’ नावाचं सहा मिनिटांचं गाणं आहे. सुरुवातीला सिंथेसायझरचे लांबलचक सूर आणि त्यावर त्याचा नेहमीचा जड, ओढलेला आवाज. ऐकणाऱ्याला वाटतं, आता रॅप किंवा रेगेटॉनचा ठोका पडणार. आणि अचानक उघडतो तो अख्खा साल्साचा ताफा: पियानो, बास, कोंगा, बोंगो, तिंबालेस, ट्रम्पेट, ट्रॉम्बोन. हे सगळं हाताने आणि फुंकरीने वाजवलेलं आहे आणि वाजवणारे कोवळे आहेत. प्वेर्तो रिको या अमेरिकेच्या ताब्यातल्या कॅरिबियन बेटाची राजधानी सान हुआन इथल्या ‘एस्क्वेला लिब्रे दे मूसिका’ या सरकारी संगीत शाळेत शिकणारी आणि तिथून शिकून बाहेर पडलेली ही मुलं.

पुढे १ फेब्रुवारी २०२६ रोजी या अल्बमला ग्रॅमीचा ‘अल्बम ऑफ द इयर’ मिळाला. संपूर्ण स्पॅनिश भाषेतल्या अल्बमला हा मान पहिल्यांदाच मिळाला. या यशाच्या मागोमाग एक जुना वाद पुन्हा तापला. साल्सात रॅप, रेगेटॉन, इलेक्ट्रॉनिक सूर मिसळणं म्हणजे वारसा पुढे नेणं की वारशाची नासाडी? एका बाजूला जुने साल्साप्रेमी. त्यांचं म्हणणं, ज्याला गाता गाता ओळी रचता येत नाहीत त्याने साल्साच्या वाटेला जाऊ नये. दुसऱ्या बाजूला तरुण चाहते आणि बरेचसे समीक्षक. त्यांचं म्हणणं, सगळंच संगीत मिश्र असतं, मग तक्रार कसली?

मला दोन्ही बाजू अपुऱ्या वाटतात. पहिल्यांना साल्साचा इतिहास नीट आठवत नाही, आणि दुसऱ्यांना साल्साचं व्याकरण ऐकायचं नाही. या भांडणात जो खरा सार्वजनिक प्रश्न आहे, तो दोघांच्याही नजरेतून सुटतो.

आधी इतिहास. साल्सा कुठल्या एका गावच्या मातीतून शुद्ध उगवलेला नाही. क्यूबाचा ‘सोन’, प्वेर्तो रिकोचे बोंबा आणि प्लेना हे लोकसंगीताचे प्रकार, न्यूयॉर्कचं जॅझ, यांची भेट साठ-सत्तरच्या दशकांत न्यूयॉर्कच्या स्थलांतरितांच्या वस्त्यांत झाली. फानिया ही रेकॉर्ड कंपनी १९६४ मध्ये निघाली. काढणाऱ्यांपैकी जॉनी पाचेको डोमिनिकन रिपब्लिकचा, तर जेरी मासुची इटालियन वंशाचा वकील. तिथले गाजलेले कलाकार पाहा: विली कोलोन न्यूयॉर्कच्या ब्राँक्स विभागात जन्मलेला, एक्तोर लावो प्वेर्तो रिकोतल्या पोन्सेचा, सेलिया क्रूस हवानाची, रुबेन ब्लेड्स पनामाचा, पियानिस्ट लॅरी हार्लो ब्रुकलिनचा ज्यू. शुद्धतेचा आग्रह धरायचा तर यातल्या निम्म्यांना बाहेर बसवावं लागेल.

रॅप तरी परका कुठे आहे? ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधल्या १५२० सेजविक अ‍ॅव्हेन्यू या इमारतीत डीजे कूल हर्कने पार्टी केली. हिप-हॉपचा जन्म तिथला मानतात. त्यानंतर बरोबर १३ दिवसांनी, २४ ऑगस्टला, त्याच ब्राँक्समधल्या यांकी स्टेडियममध्ये फानिया ऑल-स्टार्सची मैफल झाली. ४० हजारांच्या वर लोक आले. मोंगो सांतामारिया आणि रे बारेतो यांची कोंगाची जुगलबंदी रंगली तशी गर्दी मैदानात घुसली आणि कार्यक्रम आवरता घ्यावा लागला. शहराचा एकच विभाग, एकच उन्हाळा, चालत जाण्याइतकं अंतर. कोल्ड क्रश ब्रदर्स या रॅप गटाचा डीजे चार्ली चेस हा प्वेर्तो रिकन, आणि टर्नटेबलवर येण्याआधी तो लॅटिन बँडमध्ये बास वाजवायचा. साल्सा आणि रॅप यांची गाठ कुणी आज घातलेली नाही. ते एकाच जिन्यात वाढले.

आणि जुन्यांची नाराजीही नवी नाही. साठच्या दशकात न्यूयॉर्कच्या प्वेर्तो रिकन पोरांनी लॅटिन ठेक्यात इंग्रजी शब्द आणि रिदम अँड ब्लूज घालून ‘बुगालू’ काढला, तेव्हा मोठमोठ्या बँडचालकांनी नाकं मुरडली. विली कोलोनचा पहिला अल्बम १९६७ चा, तेव्हा तो सतरा वर्षांचा होता, आणि त्याचा ट्रॉम्बोन तेव्हाच्या कसलेल्या वादकांना ओबडधोबड वाटायचा. आज तोच आवाज साल्साचा अस्सल आवाज म्हणून ओळखला जातो. प्वेर्तो रिकोत रॅप आणि रेगेटॉनच्या वाट्याला तर याहून वाईट दिवस आले. १९९५ मध्ये सान हुआनच्या रेकॉर्डच्या दुकानांवर पोलिसांनी धाडी घातल्या आणि ‘अंडरग्राउंड’ म्हणवणाऱ्या कॅसेट अश्लील ठरवून जप्त केल्या. २००२ मध्ये रेगेटॉनच्या नाचावरून थेट सिनेटमध्ये सुनावण्या झाल्या. हे संगीत गरीब सरकारी वसाहतींतलं, बरंचसं काळ्या पोरांचं होतं. तिरस्कार संगीताचा कमी आणि ते करणाऱ्यांचा जास्त होता. बोंबा आणि प्लेनानेही एकेकाळी हेच सोसलं आहे. म्हणून ‘साल्सा बाटला’ असं कुणी म्हणालं की मी आधी पाहतो, बोलणारा नेमक्या कुठल्या सुराबद्दल बोलतो आहे की फक्त गाणाऱ्याचा मोहल्ला पाहून बोलतो आहे.

इथवर तरुण चाहते माझ्याशी सहमत होतील. पुढे कदाचित होणार नाहीत.

साल्साला व्याकरण आहे आणि त्याचं नाव क्लावे. आपल्या तीनतालासारखे सोळा भाग मोजा आणि फक्त पाच ठिकाणी टाळी द्या: १, ४, ७, ११, १३. पहिल्या अर्ध्यात तीन टाळ्या, दुसऱ्या अर्ध्यात दोन. तीन टाळ्यांची बाजू पुढे झुकते, ताण निर्माण करते. दोन टाळ्यांची बाजू उत्तर देऊन सावरते. हे चक्र कुणी वाजवो न वाजवो, पियानोची आवर्तनं, बासच्या उड्या, ट्रम्पेटच्या फेका, गायकाने शब्द कुठे टाकायचा, सगळं त्याला धरून चालतं. एखादा वादक उलट्या बाजूने शिरला तर साल्सावाले म्हणतात ‘क्रुसाओ’ झालं. सामान्य श्रोत्याला दोष दाखवता येणार नाही, पण नाचणाऱ्याचा पाय लगेच अडखळतो.

आता रेगेटॉनचा ठेका घ्या. जमैकाच्या डान्सहॉलमधून पनामामार्गे प्वेर्तो रिकोत आलेल्या या ठेक्याचा गाभा पाहिला तर तो क्लावेच्या तीन टाळ्यांच्या बाजूसारखाच आहे: १, ४, ७, आणि पुन्हा १, ४, ७. म्हणजे हाडं सारखी आहेत. रेगेटॉनवर रॅप करणाऱ्या पोराच्या अंगात अर्धा साल्सा आधीच मुरलेला असतो. पण अर्धाच. दोन टाळ्यांचं उत्तर त्या ठेक्यात येत नाही, ताणच ताण फिरत राहतो. त्यामुळे कोंगाचा चार मात्रांचा तुकडा कापून, गोल फिरवून, त्यावर रॅप चढवला की ऐकायला लॅटिन वाटतं आणि आतून सवाल उरतो, जवाब जातो. ‘सगळंच मिश्र असतं’ म्हणणाऱ्यांना मला हेच सांगायचं आहे. मिश्रणाला चांगलं-वाईट असतं, आणि ते कानाने ओळखता येतं.

गाण्याच्या बाबतीतही तसंच. साल्साच्या उत्तरार्धात, मोंतुनोमध्ये, कोरस एकच ओळ परत परत म्हणतो आणि मधल्या मोकळ्या जागेत गायक तिथल्या तिथे ओळी रचतो. याला सोनेओ म्हणतात, रचणाऱ्याला सोनेरो. सान हुआनच्या सांतुर्से भागातला इस्माएल रिव्हेरा, पेशाने गवंडी, यात सर्वांत थोर मानला जातो. जागा छोटी, पण तो तीत इतके शब्द बसवायचा की कोरस सुरू झाला तरी त्याचं वाक्य चालूच असायचं, आणि तरी शेवटचं अक्षर जिथे पडायला हवं तिथेच पडायचं. रॅपरांची फ्रीस्टाइल ऐका. श्वास कुठे चोरायचा, यमक कुठे लपवायचं, ठोक्याच्या किंचित मागे राहून पुढच्या ठोक्यावर कसं झेपावायचं, तीच कसरत. तेगो काल्देरोनने २००२-०३ च्या सुमारास रेगेटॉनमध्ये बोंबाचे ढोल आणले तेव्हा त्याच्या रॅपमध्ये रिव्हेराची ही ढब होती. रॅप आणि साल्सा यांचं खरं मीलन मला इथे दिसतं, शब्द लयीत बसवण्याच्या कौशल्यात. वाद्यांचा रंग ही त्यापुढे वरवरची गोष्ट आहे.

या कसोटीवर बॅड बनी कसा उतरतो? बेनितो अँतोनियो मार्तिनेस ओकासियो, जन्म १९९४, वाढला व्हेगा बाहामध्ये; वडील ट्रकचालक, आई शिक्षिका. सुपरमार्केटमध्ये गिऱ्हाइकांच्या पिशव्या भरता भरता साउंडक्लाउडवर गाणी टाकायचा. त्याच्या दोन मिश्रणांची तुलना मला फार बोलकी वाटते. २०१८ मध्ये अमेरिकी रॅपर कार्डी बीच्या ‘आय लाइक इट’मध्ये तो होता. ते गाणं १९६७ च्या एका बुगालूच्या तुकड्यावर उभं आहे आणि ते अमेरिकेच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिलं आलं. झकास गाणं आहे, मलाही आवडतं. पण त्यात बुगालू ही एक चमचमीत फोडणी आहे. जुन्या ध्वनिमुद्रणातला मुखडा घेतला, त्याखाली नवा ठोका टाकला, काम झालं. त्यासाठी कुणालाही काही नवीन शिकावं लागलं नाही.

सात वर्षांनी त्याने केलं ते वेगळं. ‘नुएव्हायोल’ या गाण्यात तोही एल ग्रान कोम्बो या साल्सा बँडच्या १९७५ च्या गाण्याचा तुकडा घेऊन सुरुवात करतो आणि मग दणदणीत डेम्बोवर, म्हणजे रेगेटॉनच्या त्याच ठेक्यावर, उडी मारतो. ती जुनीच रीत, फक्त अधिक हुशारीने केलेली. पण ‘बाइले इनोल्व्हिदाब्ले’ आणि शेवटचं ‘ला मुदान्सा’ यांत तो स्वतः उठून साल्साच्या घरात जातो. ताफा क्लावेत वाजतो आणि त्याला जुळवून घ्यावं लागतं. ‘ला मुदान्सा’ आई-वडील कसे भेटले इथून सुरू होतं आणि प्वेर्तो रिकोच्या झेंड्यापर्यंत जातं. १९४८ पासून १९५७ पर्यंत बेटावर ‘मुस्कटदाबीचा कायदा’ होता; स्वतःच्या घरात तो झेंडा लावणंही गुन्हा होता. हा सगळा मजकूर तो गातो आणि बोलतो यांच्या मधल्या आवाजात टाकतो. ढब रॅपरची, पण वाक्य संपतं ते ताफ्याने ठेवलेल्या जागेवर. इथे मला त्याची मेहनत ऐकू येते.

तो सोनेरो आहे का? नाही. जुन्या साल्साप्रेमींचं हे म्हणणं मला मान्य आहे. त्याचा आवाज मोंतुनोमध्ये पातळ पडतो, आणि लावोसारखी क्षणात सुचलेली, चावट, काळजाला भिडणारी ओळ त्याच्याकडून येत नाही. कदाचित त्यालाही हे कळतं, कारण गाणं जिथे सर्वांत उंच जातं तिथे तो बाजूला होतो आणि ताफ्याला बोलू देतो. जगातला सर्वाधिक ऐकला जाणारा एक रॅपर स्वतःच्याच गाण्यात विशी-बाविशीतल्या वादकांना पुढे करतो, हे मला त्याच्या सगळ्या पुरस्कारांपेक्षा मोठं वाटतं. प्लेनाच्या गाण्यांतही त्याने हेच केलं. सियालेस गावच्या ‘लोस प्लेनेरोस दे ला क्रेस्ता’ या मंडळींना बोलावलं. प्लेनात तीन आकारांचे पांदेरो, म्हणजे डफ, असतात. दोन ठेका धरतात आणि सर्वांत छोटा, रेकिंतो, त्यावर बोलत राहतो. तो रेकिंतो संगणकावर पाडता आला असता. त्याने माणूस आणला.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. ही माणसं आली कुठून?

‘एस्क्वेला लिब्रे दे मूसिका’ आपोआप उगवली नाही. एर्नेस्तो रामोस अँतोनिनी या काळ्या, वकील लोकप्रतिनिधीने १९४६ मध्ये कायदा करून घेतला आणि सान हुआन, पोन्से, मायाग्वेस इथे सरकारी खर्चाने संगीत शाळा सुरू झाल्या. गरिबाच्या पोराने शाळेच्या नेहमीच्या विषयांबरोबर स्वरलिपी वाचायला, वाद्य वाजवायला फुकट शिकावं, ही कल्पना. त्या काळच्या प्वेर्तो रिकोत पायात चप्पल नसलेली मुलं शाळेत जात होती, हे लक्षात घेतलं की या कायद्याची झेप कळते. आणि फळ पाहा. पोन्सेच्या शाळेत शिकून गेला तो एक्तोर लावो. रस्त्यावरचा, उपजत, बेबंद गळा म्हणून ज्याची दंतकथा सांगितली जाते, तो लहानपणी सरकारी शाळेत सॅक्सोफोन शिकत होता. त्याच शाळेत त्याच्या बरोबरीला पापो लुका होता, साल्साचा थोर पियानिस्ट. सान हुआनच्या शाळेतून मिगेल सेनोन निघाला. ल्योरेन्स तोरेस या मोठ्या सरकारी वसाहतीत वाढलेला हा मुलगा पुढे जॅझ सॅक्सोफोनवादक झाला आणि प्वेर्तो रिकोच्या लोकसंगीताचं जॅझशी लग्न लावून २००८ मध्ये त्याने मॅकआर्थर फेलोशिप मिळवली. तीन पिढ्या, तीन प्रकारची मिश्रणं, आणि मागे एकच कायदा.

आपल्याकडचा एक दाखला इथे अगदी चपखल आहे. १९५१ च्या ‘अलबेला’त सी. रामचंद्र या पुणतांब्याच्या मराठी माणसाने बोंगोसकट लॅटिन ठेके हिंदी सिनेमात नाचवले. त्यांच्यामागे होता गोव्यातल्या हळदोण्याच्या चिक चॉकलेटचा ट्रम्पेट आणि त्याचा बँड. मुंबईच्या स्टुडिओंत इतके गोवेकर वादक कसे आले? पोर्तुगीज काळापासून गोव्याच्या गावोगावच्या चर्चच्या शाळांत मुलांना स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकवत, म्हणून. ती शिकवणी धार्मिक कामासाठी होती, पण तिच्यातूनच आपल्या सिनेसंगीताचा अर्धा वाद्यवृंद उभा राहिला. आज मुंबई-पुण्यात मराठी रॅप जोमात आहे, त्याचा मला आनंद आहे. त्या पोरांना ढोलकी किंवा संबळ हवी असते तेव्हा बहुतेक वेळा रेडीमेड तुकडा हाती लागतो. आपल्या गावातल्या जिल्हा परिषदेच्या किंवा पालिकेच्या शाळेत ढोलकी शिकवणारा पगारी शिक्षक आहे का, हे वाचकांनी पाहून यावं. पोरांच्या आळसाला दोष देणं त्यानंतर जड जाईल.

प्वेर्तो रिकोची गोष्ट मात्र अधिक क्रूर आहे. सत्तर अब्ज डॉलरांच्या वर गेलेल्या कर्जामुळे २०१६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने बेटाच्या खर्चावर नजर ठेवायला एक वित्तीय मंडळ बसवलं. त्यातल्या सदस्यांना बेटावरच्या कुणी मत दिलेलं नाही. २० सप्टेंबर २०१७ ला मारिया चक्रीवादळ आलं. पुढच्या वर्षी सरकारने २५० हून अधिक शाळा बंद केल्या. मुलं कमी झाली, असं कारण दिलं. मुलं कमी झाली हे खरंच. कुटुंबं फ्लोरिडाला, न्यूयॉर्कला निघून गेली. पण शाळा गेलेल्या गावात राहणारी कुटुंबंही मग निघतात. बॅड बनीने २०२५ च्या उन्हाळ्यात सान हुआनमध्ये जी मैफलींची मालिका केली, तिचं नावच ‘मला इथून जायचं नाही’ असं होतं, आणि पहिल्या नऊ मैफली फक्त बेटावर राहणाऱ्यांसाठी राखल्या होत्या. त्याला नेमकं काय दुखतं ते त्यातून दिसतं.

काही जण म्हणतील, इतका पैसा मिळवतोस तर तूच शाळा चालव. त्याची संस्था २०१८ पासून मुलांना वाद्यं आणि खेळाचं साहित्य वाटते, आणि ते मोलाचं काम आहे. पण नाताळात ट्रम्पेट वाटणं आणि ओठ कसे धरायचे हे सातवीपासून बारावीपर्यंत दररोज शिकवणारा माणूस नेमणं, या दोन गोष्टींत मोठं अंतर आहे. दुसरी गोष्ट एका कलाकाराच्या चांगुलपणावर सोडता येत नाही. तो उद्या साल्सा सोडून दुसरं काही करेल, आणि करावंही. १९४६ चा कायदा कुणाच्या आवडीनिवडीवर अवलंबून नव्हता, म्हणून तो लावोलाही पुरला आणि ‘बाइले इनोल्व्हिदाब्ले’ वाजवणाऱ्या मुलांनाही.

तेव्हा साल्सा टिकावा असं ज्यांना मनापासून वाटतं त्यांनी बॅड बनीला सोनेरो म्हणायचं की नाही हा वाद थोडा बाजूला ठेवावा आणि दोन्ही बाजूंनी मिळून बेटाच्या गव्हर्नरला आणि त्या वित्तीय मंडळाला हिशेब मागावा. पोन्सेच्या, मायाग्वेसच्या, सान हुआनच्या शाळेत आज तालवाद्यांचे शिक्षक किती, ट्रॉम्बोनचे किती, पियानोचे किती? त्यातले कायम किती आणि वर्षाच्या करारावरचे किती? निवृत्त होणाऱ्याच्या जागी कुणाला नेमणार, आणि कधी?